तळोदावाली सोडी दे

हिंमतरावांना मशीनला जोडलं की भाग्येश लॅपटॉप उघडायचा. मंगळवार, गुरुवार, शनिवार. नंदुरबारच्या त्या दवाखान्यात डायलिसिसच्या मोजक्या खाटा होत्या आणि खिडकीजवळची खाट जणू हिंमतरावांच्या सातबाऱ्यावर चढली होती. शीला सिस्टर यायच्या, हाताला सुया लावायच्या, नळ्या बसवायच्या आणि "चला आबा, जोडलं तुम्हाला," असं म्हणून पुढच्या खाटेकडे वळायच्या. मग रक्त नळीतून बाहेर जायचं, धुऊन परत आत यायचं. तेवढ्या वेळात भाग्येश शेजारच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून ऑफिसचं काम उरकायचा. नोकरी आणि बापाची सेवा दोन्ही एकाच खुर्चीवर होतात, असं तो लोकांना हसून सांगायचा. खरं म्हणजे दोन्हींपैकी एकही धड होत नव्हतं, आणि ते त्याला चांगलं ठाऊक होतं.

आबांच्या किडन्या गेल्या तेव्हा भाग्येश पुण्यात होता. तिथली बरी चाललेली नोकरी गुंडाळून तो बायको रोहिणीसह नंदुरबारला आला. प्रकाशा या आपल्या गावच्या मळ्यात उभी हयात काढलेल्या आबांना त्याने दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आणून ठेवलं. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं होतं, मशीन बंद केली तर दोन-तीन आठवडे, त्यापुढे नाही. ते वाक्य भाग्येशच्या डोक्यात खिळा ठोकल्यासारखं बसलं. त्यानंतर त्याने एकही वार चुकू दिला नाही. घरात लग्नकार्य असो, गावात मयत असो, आबा खाटेवर आणि हा खुर्चीवर.

आणि आबाही कसे, कधी कुरकुर नाही. शेजारच्या खाटेवरचे जालमसिंगकाका सुई पाहिली की सिस्टरच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. आबा निमूटपणे हात पुढे करायचे. दिवसाचं पाणी मोजून मिळायचं, तेही ते चहाच्या कपातून घोट घोट प्यायचे. "आमच्या आबांनी एकदाही नको म्हटलं नाही," असं भाग्येश येईल त्याला सांगायचा. दोन वर्षांच्या ओढाताणीत त्याला मिरवता येईल अशी तेवढी एकच गोष्ट होती.

आबा बोलायचे ते एवढंच. भाग्येश लॅपटॉपवर वाकलेला, कपाळावर आठ्या, कानाला फोन. आबा उशीवरून त्याच्याकडे बघत राहायचे आणि मग हळूच म्हणायचे, "सोडी दे ना भाऊ ती मशीन."

"हां आबा, थोडंच ऱ्हायनं," भाग्येश मान वर न करता म्हणायचा. बापाला लेकाच्या डोळ्यांची काळजी वाटते, या विचाराने त्याला बरं वाटायचं आणि तो पुन्हा कामाला लागायचा.

काम म्हणाल तर डोक्याला ताप. एका धर्मादाय संस्थेचे जिल्ह्यात ठिकठिकाणी दवाखाने होते आणि त्यांचे कॉम्प्युटर सांभाळायचं कंत्राट भाग्येशच्या छोट्या कंपनीकडे होतं. प्रत्येक दवाखान्याची माहिती ठेवायला एकेक स्वतंत्र मशीन होती. पण ती डोळ्यांना दिसणारी नाही, व्हर्च्युअल. आबांनी एकदा विचारलंही होतं, "जी मशीन दिसस नही ती कशी काय मशीन?"

"आबा, ऑफिसमा एक मोठी मशीन शे. तिन्हा पोटमा या सगळ्या लहान लहान मशिनी."

"मंग गाभन शे असं म्हन ना," आबा म्हणाले. सुया टोचायला आलेल्या शीला सिस्टरही हसल्या होत्या. त्या वर्षात आबांनी केलेली ती बहुधा शेवटची थट्टा.

या सगळ्या मशिनींवर पहारा ठेवायला संस्थेने यंदा एक नवी यंत्रणा घेतली होती. ती कंटेनरवर चालायची. भाग्येशच्या ऑफिसातल्या लखनने त्यांना 'डबे' हे नाव पाडलं होतं. एकेका डब्यात एकेक काम बंद करून ठेवलेलं. एखादा डबा कोलमडला की त्याच्या जागी तसाच दुसरा आपोआप उभा राहायचा, कोणाला पत्ताही लागायचा नाही. भाग्येशला या डब्यांचा मनापासून हेवा वाटायचा. तो स्वतः एक दिवस तापाने पडला, तर त्याच्या जागी उभं राहायला कोणी नव्हतं, ना ऑफिसात, ना या खुर्चीवर.

एखादी मशीन पहाऱ्याखाली आणायची तर तिच्या आत एक लहानसा प्रोग्रॅम बसवावा लागे. भाग्येश त्याला राखणदार म्हणायचा. यंत्रणा त्या राखणदाराला ओळखपत्र देई आणि मग पडद्यावर मशीनपुढे हिरवा ठिपका येई. ही झाली जोड. मशीन पहाऱ्यातून काढायची तर उलटं, आधी आतला राखणदार काढायचा आणि मगच यंत्रणेतून मशीनचं नाव पुसायचं. ही झाली सोड. हे शब्द भाग्येशनेच ऑफिसात रुजवले होते. इंग्रजीतले लांबलचक शब्द उच्चारताना त्याचीच जीभ अडखळायची. त्यामुळे ऑफिसात दिवसभर 'ही जोड, ती सोड' चालायचं, आणि काम थोडं हलकं वाटायचं.

त्या मंगळवारी प्रकाशा आणि विसरवाडीच्या दवाखान्यांच्या नव्या मशिनी जोडून जुन्या काढायच्या होत्या. संस्थेच्या पुण्याच्या कचेरीतून आलेल्या निरोपात तळोद्याचंही नाव होतं, पण तळोद्याची नवी मशीन अजून तयार नव्हती. तिथला दवाखाना जुन्या मशीनवरच चालत होता. त्यात आज तिथे सिकलसेलच्या रुग्णांची तपासणी होती, सातपुड्यातल्या पाड्यांवरून जिपा भरून माणसं यायची होती.

लखन ऑफिसात बसला होता. लखन विसरवाडीकडचा, भाग्येशच्याच वयाचा, हाताखालचा म्हणायला एकुलता एक. नव्या दोन्ही मशिनी त्याने सकाळीच जोडल्या. त्याचा फोन आला तेव्हा शीला सिस्टर आबांना सुया लावत होत्या, जालमसिंगकाका ओरडत होते आणि रोहिणीचा गॅस संपल्याचा मेसेज येऊन पडला होता.

"सर, दोन्ही हिरव्या झाल्या. आता जुन्या?"

"प्रकाशा आन् विसरवाडीवाली काढी टाक. बंदच शेतस त्या. आन् तळोदावाली सोडी दे." थकला की भाग्येश अहिराणीत शिरायचा, त्याचं त्यालाही कळायचं नाही.

"ठीक आहे सर," लखन म्हणाला.

पुढचा काही वेळ बरा गेला. आबांचा डोळा लागल्यासारखा वाटला. भाग्येशने पाठ टेकली, आणि तेवढ्यात तळोद्याहून धीरजचा फोन आला. धीरज तिथला कारकून, एरवी शांत माणूस, पण आज त्याचा आवाज चढला होता. "सर, काहीच उघडत नाही. कुणाला कोणतं औषध चालू आहे, कुणाला रक्त दिलंय, काही दिसत नाही. डॉक्टर हात बांधून बसलेत. बाहेर ओसरी भरलीय, लेकरं रडताहेत. करू काय?"

भाग्येशने पडदा उघडला. तळोद्यापुढचा हिरवा ठिपका गेला होता. ठिपका कसला, नावच गेलं होतं. त्याने लखनला फोन लावला.

"लखन, तळोदा कुठं गेलं?"

"सोडलं ना सर."

"कोणी सांगितलं तुला?"

"तुम्हीच. तळोदावाली सोडी दे म्हणालात."

"अरे, सोडी दे म्हणजे राहू दे! तिला हात लावू नको! एवढं कळत नाही तुला?"

आवाज जरा जास्तच चढला. शीला सिस्टरनी वळून पाहिलं, जालमसिंगकाकांनीही.  लखन आपल्या नेहमीच्या शाळेतल्या मराठीत, एकेक शब्द सांभाळून म्हणाला, "सर, आमच्या घरी मावची बोलतात. अहिराणी मला ऑफिसातच कळली, तुमच्याकडून. आणि आपल्या ऑफिसात सोडणं म्हणजे काढणं. हे तुम्हीच शिकवलंत."

 चूक लखनची नव्हतीच. शब्द भाग्येशचा, शब्दाचे दोन्ही अर्थही त्याचेच, आणि शिव्या खायच्या लखनने. भाग्येशला स्वतःची लाज वाटली, पण माफी मागायला वेळ नव्हता.

गुंता असा झाला होता. प्रकाशा आणि विसरवाडीच्या जुन्या मशिनी बंद होत्या. त्यांच्या आतल्या राखणदाराशी काही देणंघेणं नव्हतं, यंत्रणेतून नाव पुसलं की काम संपलं. लखनने तीच रीत तळोद्याला लावली. पण तळोद्याची मशीन जिवंत होती, आतला राखणदार जागा होता. तो यंत्रणेला हाक मारायचा आणि यंत्रणा म्हणायची, तू कोण, आम्ही तुला ओळखत नाही. मग राखणदाराने त्याला दिलेल्या हुकमाप्रमाणे सगळी दारं आतून लावून घेतली. आत मशीन धडधाकट चालू, बाहेर डॉक्टर ताटकळत, आणि मध्ये हा प्रामाणिक शहाणा.

"परत जोडून बघितलं का?"

"बघितलं सर. घेत नाही. जुनं ओळखपत्र धरून बसलाय तो."

"मग आपल्याला मोठ्या मशीनच्या दारातून आत जावं लागेल. राखणदार हाताने काढ. तो निघाल्याशिवाय काही होणार नाही. घाई करू नको, मी आहे फोनवर."

मग सुरू झालं ते डोळ्यांत तेल घालून करायचं काम. भाग्येश एकेक ओळ सांगायचा, लखन ती लिहायचा, वाचून दाखवायचा, आणि मगच पुढे. मध्येच धीरजचा फोन. मध्येच आबांची मशीन बीप बीप करायची, शीला सिस्टर येऊन नळी सरळ करून जायच्या. भाग्येशची मान आखडली, चहा गार होऊन त्यावर साय धरली. कोणीतरी येऊन आपल्याला या खुर्चीवरून उठवावं, असं त्याला वाटत होतं. इतका थकवा त्याला कधी आला नव्हता, आणि हे वाक्यही तो रोजच मनाशी म्हणायचा.

"सोडी दे ना भाऊ ती मशीन," आबा उशीवरून म्हणाले.

"थोडंच ऱ्हायनं आबा."

अखेर राखणदार निघाला. लखनने नवा बसवला, यंत्रणेने नवं ओळखपत्र दिलं, आणि तळोद्यापुढे हिरवा ठिपका उगवला. धीरजचा फोन आला, "उघडलं सर! पहिलं लेकरू आत घेतलं." भाग्येशने डोळे मिटून घेतले. मग लखनला म्हणाला, "मघाशी मी उगाच बोललो तुला. चूक माझी होती."

"असू द्या सर," लखन म्हणाला. "शब्दच तसा आहे. तुमच्या मनात एक होतं, मला दुसरं ऐकू आलं."

फोन ठेवल्यावरही ते वाक्य भाग्येशच्या कानात राहिलं. का राहिलं, ते त्याला लगेच कळलं नाही.

"काय व्हयनं व्हतं?" आबांनी विचारलं. ते जागेच होते.

"काही नही आबा. तळोदानी मशीन चुकीसन काढाई गयी व्हती."

"मंग मरी गयी व्हती का ती?"

"नही. काढी टाकी तरी मरत नही ती. चालूच ऱ्हास. फक्त आपला पहारा ऱ्हात नही तिन्हावर."

आबा छताकडे बघत राहिले. "बरं शे मंग तिन्हं," ते म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "काढानी व्हई तर आधी काय काढनं पडस?"

"आधी मझारना राखनदार. तो निंघना नही तर तो सगळा दारं लाई लेस."

बोलता बोलता भाग्येश थांबला. लखनचं वाक्य पुन्हा आलं आणि या खेपेला नीट ऐकू आलं. तुमच्या मनात एक होतं, मला दुसरं ऐकू आलं. त्याने लॅपटॉप मिटला. दोन वर्षांत या खुर्चीवर बसून काम संपायच्या आधी लॅपटॉप मिटण्याची त्याची ही पहिलीच वेळ.

"आबा," तो म्हणाला, "तुम्ही रोज म्हनतस ना, मशीन सोडी दे म्हनीसन. कोनती मशीन?"

आबांनी मान वळवली. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, तक्रारही नव्हती. खूप वेळ दार वाजवून शेवटी ते उघडल्यावर माणूस बघतो, तसं त्यांनी पाहिलं.

"तुन्ही मशीनशी माले काय करनं शे, भाऊ? मी मन्ही सांगस."

"मंग नीट काबरं नही सांगं?"

"सांगं ना. दर खेपले सांगं. तू म्हने, थोडंच ऱ्हायनं. माले वाटनं, ऱ्हायनं व्हई थोडंच. म्हनीसन येत ऱ्हायनू."

 एकदाही नको म्हटलं नाही, असं भाग्येश गावभर सांगत फिरला होता. आबा दर मंगळवारी, गुरुवारी, शनिवारी नको म्हणत होते, त्याच्या हाताच्या अंतरावरून, त्याच्याच भाषेत. आणि तो दर वेळी त्यांना आशा लावत होता, की संपतच आलंय. त्याला स्वतःचा संताप आला आणि त्याहून जास्त भीती वाटली. लखनसारखं आपणही दुसरंच ऐकलं, असं म्हणायला तोंड नव्हतं. लखनने निदान सांगितलेलं काम केलं होतं.

"आबा, सोडी दिनं तर काय व्हई, ठाऊक शे ना तुम्हले?"

"ठाऊक शे. डॉक्टरनी मन्हा समोरच सांगं व्हतं. मी बहिरा नही." आबा जरा थांबले. धाप लागली होती. "थकी गऊ मी, भाऊ. माले प्रकाशाले लई चाल. ओट्टावर बठीसन तांब्याभर पानी पेवानं शे. कोनी टोकानं नही. बस."

"आन् मी काय करू?" हे वाक्य भाग्येशच्या तोंडून लहान मुलासारखं बाहेर पडलं.

आबांनी मोकळा हात उचलून त्याच्या गुडघ्यावर ठेवला. "तूच सांगं ना आते. आधी राखनदार काढनं पडस. मंग तू बाजूले व्हय."

शीला सिस्टर आल्या, मशीनवरचे आकडे पाहिले आणि रोजच्यासारखं म्हणाल्या, "झालं आबांचं. सोडू का?"

रोज भाग्येश पडद्यावरची नजर न काढता 'हां, सोडा' म्हणायचा. आज त्याला ते दोन शब्द उच्चारता येईनात. सिस्टर थांबल्या, एकदा त्याच्याकडे, एकदा आबांकडे पाहू लागल्या. शेवटी आबाच म्हणाले, "सोड माय."

त्यांनी नळ्या काढल्या, सुया काढल्या. सुईच्या जागी कापूस दाबून धरायचं काम एरवी वॉर्डातले वाहरूमामा करायचे. ते पुढे झाले तेव्हा भाग्येशने त्यांना हातानेच थांबवलं आणि कापूस स्वतः धरला. आबांचा हात इतका हलका झालाय, हे त्याला आज कळत होतं. या हाताने एके काळी तापीकाठची पाण्याची मोटार एका झटक्यात चालू केली होती, आणि त्या बोटांशी खेळत तो वाढला होता.

"गुरुवारी नेहमीच्याच वेळेला ना?" सिस्टरनी भाग्येशला विचारलं.

भाग्येशने आबांकडे पाहिलं. हो म्हणणं किती सोपं होतं. दोन वर्षं तो तेच तर म्हणत आला होता.

"आबांना विचारा," तो म्हणाला.

सिस्टरना काही कळलं नाही, पण त्या वळल्या. आबांनी डोळे मिटले होते. आता ते काय म्हणतील, हे भाग्येशला ठाऊक होतं, आणि त्यांनी ते म्हणू नये असं त्याला अजूनही जीव तोडून वाटत होतं.

"गुरुवारे नही येवानं," आबा म्हणाले.

 थोड्या वेळाने शीला सिस्टरनी खाली वाकून पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊ, थांबलं रक्त. काढा आता बोट."

"हां," भाग्येश म्हणाला, आणि बोट तसंच दाबून बसून राहिला.